तिसऱ्या मजल्यावरचं घर

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नव्हती. रस्त्यापासून आमच्या दारापर्यंत 66 पायऱ्या. मजल्याला 22, मधे एक वळण, वळणावर काच नसलेली खिडकी आणि खिडकीत कुणाची तरी वाळत घातलेली छत्री. आई या 66 पायऱ्या दिवसातून तीनदा तरी चढायची. सकाळी एकदा, दुपारी भाजी घेऊन, आणि संध्याकाळी कोपिनेश्वराला जाऊन आल्यावर. भाजी जांभळी नाक्यावरूनच आणायची, कारण कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे मेथी शिळी असते यावर तिचा ठाम विश्वास होता. दोन्ही हातांत पिशव्या, वळणावरच्या खिडकीशी क्षणभर थांबायचं, पदरानं घाम पुसायचा आणि पुढे. तिच्या या रोजच्या दोनशे पायऱ्यांना आमच्यातल्या कुणीही व्यायाम म्हटलं नाही. तिनं तर नाहीच.

ओटा होता, पण आई चिरायला जमिनीवर बसायची. पाट, विळी, शेजारी परात. नारळ खोवायचा तर बसायचं, शेंगा सोलायच्या तर बसायचं, जेवायलाही बसायचंच. दिवसाकाठी ती किती वेळा खाली बसत असेल आणि उठत असेल, याचा हिशेब मी खूप उशिरा केला. पंचवीस-तीस वेळा तरी असेल.

2014 साली इमारत पुनर्विकासाला गेली. चार वर्षं पाचपाखाडीत पहिल्या मजल्यावर भाड्यानं राहिलो आणि 2018 मध्ये नव्या घरात आलो. नववा मजला, दोन लिफ्ट, जेवणाचं टेबल, सोफा, प्रत्येक खोलीला जोडून स्वच्छतागृह. आईनं आयुष्यभर इतके कष्ट केले, आता तिला सुख मिळतंय, याचा आम्हाला खरा आनंद होता. विळी नव्या ओट्याखालच्या कप्प्यात गेली आणि तिच्या जागी सुरी आली.

त्याच वर्षी, नव्या घरातल्या पहिल्या गणपतीत, मला माझ्याबद्दल एक गोष्ट कळली. पूजेला मी बसलो होतो. गुरुजींनी प्राणप्रतिष्ठा, षोडशोपचार सगळं नीट केलं, तास सव्वा तास गेला. आरतीसाठी उठायचं म्हणून मी पाटावरून उठू लागलो आणि उठता येईना. गुडघे दुखत नव्हते, पायांत बळच नव्हतं. चौरंगाला हात लावणं शक्य नव्हतं, वर मूर्ती. शेवटी एका हातानं जमीन दाबली, दुसरा हात मेव्हण्यानं धरला आणि मी उभा राहिलो. वय 50. आजार नाही, औषध नाही. आई तेव्हा 76 वर्षांची होती आणि मागे निरांजन घेऊन उभी होती. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काळजी होती, आणि ती मला ओळखीची वाटली. बाबांकडेही ती शेवटच्या वर्षांत अशीच पाहायची.

बाबा बेस्टमध्ये कंडक्टर होते. 1960 ला लागले, 1994 ला 58 व्या वर्षी निवृत्त झाले. रोज ठाण्याहून लोकलनं कुर्ल्याला जायचं आणि तिथून ड्युटी. बरीच वर्षं ते कुर्ला ते अंधेरी डबल डेकरवर होते. त्या बसवर दोन कंडक्टर असत, एक खाली, एक वर. बाबांना वरचा मजला आवडायचा. वळणावर वरचा मजला जास्त झुलतो, आणि त्या झुलत्या मजल्यावर एका हातात तिकिटांची पेटी, दुसऱ्यात पंच, खांद्याला सुट्ट्या पैशांची चामडी पिशवी घेऊन आठ तास उभं राहायचं, चालायचं. धरायला हात मोकळा नसायचाच. लहानपणी एकदा त्यांच्या बसमध्ये बसलो होतो. गचका बसला की सगळे प्रवासी पुढच्या दांडीला चिकटायचे आणि बाबा मात्र गुडघ्यांत किंचित लवून सरळ उभे. बस जणू त्यांच्या पायांतून चालत होती. ते दृश्य मी कधी विसरलो नाही.

निवृत्तीनंतर आम्ही त्यांना गॅलरीत आरामखुर्ची घेऊन दिली. "आता बसा बाबा, खूप उभे राहिलात," असं मीच म्हणालो होतो. दूध मी आणायला लागलो. रेशनची लाइन, बँक, विजेचं बिल सगळं मी घेतलं. माळ्यावरचं काही काढायचं असेल तर शेजारचा मुलगा यायचा. माया होती ती, दुसरं काही नव्हतं. बाबांच्या हातातून एकेक काम आम्ही मायेनं काढून घेतलं आणि ते बसत गेले. सहा-सात वर्षांत त्या 66 पायऱ्या त्यांच्यासाठी गड झाल्या. आधी आठवड्यातून दोनदा उतरायचे, मग फक्त दवाखान्यासाठी. तलावपाळीच्या कट्ट्यावरचे मित्र सुरुवातीला घरी यायचे, पण तेही म्हातारे होत होते आणि तिसरा मजला त्यांनाही चढवेना. शेवटची चार वर्षं बाबा जवळजवळ घरातच होते. त्यांना मधुमेह होता, रक्तदाब होता. ते फक्त बसल्यामुळे गेले असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण झुलत्या बसमध्ये न धरता उभा राहणारा माणूस स्वयंपाकघरापर्यंत भिंतीला धरून जायला लागला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. 2009 मध्ये, 73 व्या वर्षी ते गेले.

गणपतीतल्या त्या प्रसंगानंतर मी वाचायला लागलो. वाचताना जेरी मॉरिस हे नाव भेटलं आणि मी थबकलो, कारण या डॉक्टरनं अभ्यास केला होता तो बस कंडक्टरांचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये हृदयविकार वाढत चालला होता आणि कारण कळत नव्हतं. मॉरिसनं लंडनच्या डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर निवडले. गाडी एकच, धूर एकच, पगाराचा आणि राहणीचा थर साधारण सारखा. फरक एवढाच की ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. तिथं एकच कंडक्टर दोन्ही मजले सांभाळायचा. कामाच्या दिवशी 500 ते 750 पायऱ्या होत. 1953 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी, आणि झाला तर उशिरा आणि सौम्य. पोस्टातही तेच दिसलं. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन खुर्चीवरच्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते. पुढे मॉरिसनंच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटींची कंबर मुळातच मोठी असल्याचं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येणार नाही, हेही त्यानंच मांडलं. मला त्याचा हा प्रामाणिकपणा फार आवडला. तो स्वतः 99 वर्षं जगला. गेला तो 2009 मध्ये, बाबा गेले त्याच वर्षी.

पण मग माझे बाबा? 34 वर्षं उभं राहून, चालून, तोल सांभाळून त्यांनी जी तब्येत कमावली ती कुठे गेली?

या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्या एका अभ्यासात मिळालं. राल्फ पॅफेनबार्गर नावाच्या अमेरिकी डॉक्टरनं हार्वर्डच्या हजारो माजी विद्यार्थ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. कॉलेजात मैदान गाजवलेले खेळाडू पुढे बैठे झाले, तर त्यांना जुन्या खेळाचा काही फायदा उरला नव्हता. आणि कॉलेजात कधी मैदानावर न उतरलेले, पण नंतर नियमानं हालचाल करणारे, त्यांच्यापेक्षा सुस्थितीत होते. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. बाबांना निवृत्तीच्या वेळी प्रॉव्हिडंट फंड मिळाला होता, त्यातून बहिणीचं लग्न झालं. 34 वर्षं कापलेला पैसा शिल्लक राहिला. 34 वर्षं उभं राहिल्याची शिल्लक मात्र कुठेच नव्हती. शरीरात असा फंड नसतो. तिथं रोज कमवायचं आणि रोज खायचं. हाडांच्या बाबतीत थोडीफार ठेव असते. साधारण तिशीपर्यंत हाडं जितकी भरतील तितकी भरतात आणि पुढे आपण ती ठेव मोडत जातो, बायकांची पाळी गेल्यावर तर वेगानं. पण स्नायूंची ठेव नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांत ते 3 ते 8 टक्क्यांनी घटतात असं सांगतात आणि साठीनंतर घट वाढते. न वापरलेला स्नायू शरीर पोसत बसत नाही.

हे सगळं 2019 मध्ये मला माहीत झालं होतं. तरीही आईच्या बाबतीत मी तीच चूक पुन्हा केली, हे लिहिताना मला त्रास होतो.

मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं. आई 78 ची. आम्ही तिला जपायचं ठरवलं. कोपिनेश्वर बंद, जांभळी नाका बंद, खाली उतरायचं नाही, लिफ्टच्या बटणाला हात लावायचा नाही. भाजी फोनवर यायची. सून म्हणायची, "आई, तुम्ही बसा, मी करते." मीही म्हणायचो, "बस ना गं जरा." दीड-पावणेदोन वर्षं ती पलंग, सोफा, टेबल आणि टीव्ही एवढ्यात राहिली. आजारातून आम्ही तिला वाचवलं, त्याबद्दल मला कसलीही शंका नाही. पण 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एका सकाळी तिनं स्वच्छतागृहातून हाक मारली. कमोडवरून उठता येत नव्हतं. पडली नव्हती, लागलं नव्हतं. उठता येत नव्हतं, इतकंच. मी हात दिला तेव्हा तिच्या दंडाला माझी बोटं पूर्ण वेढा घालत होती. दोन्ही हातांत मेथी आणि नारळ घेऊन 66 पायऱ्या चढणारी माझी आई.

डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्ट सुचवली. एक तरुण मुलगी यायची, स्कूटर खाली लावून थेट आईच्या खोलीत. पहिल्या दिवशी तिनं जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाली, "आजी, हात छातीवर घ्या आणि उठा." आईला एकदाही जमलं नाही. आता ही मुलगी काय करते म्हणून मी पाहत होतो. तिनं खुर्चीवर दोन जाड उशा ठेवल्या. बसायची जागा उंच झाली आणि तिथून आई उठू शकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा थरथरत. "बास. दुपारी पुन्हा तीन, संध्याकाळी पुन्हा तीन." तीन आठवड्यांनी एक उशी काढली. मग दुसरी. मग पायाला वाळूच्या पट्ट्या बांधल्या, अर्ध्या किलोच्या. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, धरून एका पायावर उभं राहायचं, मग एकाच बोटाचा आधार, मग बोट फक्त जवळ. सगळं शास्त्र त्या दोन उशांत होतं. जमेल तिथून सुरुवात करायची, आणि जमायला लागलं की जरा अवघड करायचं. आपण मात्र म्हाताऱ्या माणसाला जमत नाही म्हटलं की ते काम कायमचं बंद करून टाकतो.

त्या मुलीनं मला बॉस्टनच्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. 1990 सालचा. वृद्धाश्रमातली दहा माणसं, वयं 86 ते 96, सरासरी 90. त्यांना आठ आठवडे पायांनी वजनं उचलायला लावली, हलकी नव्हे, चांगली जड, देखरेखीखाली. पायांतली ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीनपटीच्या जवळपास झाली. शरीरात फंड नसतो याचं मला जे दुःख झालं होतं, त्याची दुसरी बाजू ही. मागची शिल्लक नाही तसं मागचं कर्जही शरीर फार धरून ठेवत नाही. नव्वदीतही कमाई सुरू करता येते.

तिनं आणखी एक विचारलं, "आजी रात्री काय खातात?" आई रात्री गुरगुट्या भात आणि ताक घ्यायची, कधी नुसताच चहा-खारी. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचं जेवण असंच मऊ आणि पांढरं होत जातं. दात नाहीत म्हणून उसळ बंद, पचत नाही म्हणून डाळ पातळ. स्नायू बनायचा तो कशातून? मग मुगाची धिरडी, मऊ शिजवलेली मटकी, पनीर, घट्ट वरण असं सुरू केलं. रक्त तपासलं तेव्हा बी-12 फारच कमी निघालं. शाकाहारी घरांत हे सर्रास आढळतं, कारण ते मुख्यतः प्राणिज पदार्थांतच असतं, आणि वय वाढतं तसं पोटातलं आम्ल घटून जे खाल्लं जातं तेही नीट शोषलं जात नाही. तळपायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा हे सगळं त्यातून येऊ शकतं. इंजेक्शनं दिली.

पाय तीन-चार महिन्यांत परत आले. मन मात्र येईना, आणि ते मला पायांपेक्षा जास्त छळत होतं.

आई गप्प झाली होती. गुरुवारी आमच्या सोसायटीत बायकांचं भजन असतं. तिथं जाणं तिनं सोडलं, म्हणाली, "टाळ लागत नाही हल्ली." फोनवर बहिणीशी दोन वाक्यं बोलून फोन माझ्याकडे द्यायची. विचारलेल्याचं भलतंच उत्तर यायचं. चारचौघांत बसली की चेहऱ्यावर एक बारीक हसू ठेवून सगळ्यांकडे पाहत राहायची. घरात आम्ही दबक्या आवाजात एक शब्द बोलायला लागलो होतो, जो कुणालाच मोठ्यानं उच्चारायचा नव्हता. स्मृतिभ्रंश.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी कान तपासून या." आलेखावर दिसलं की तिला खालच्या पट्टीतले आवाज बरे ऐकू येत होते, पण वरच्या पट्टीतले गेले होते. वयानं कान जातात ते असेच. स, श, फ, त अशी बारीक व्यंजनं आधी निसटतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. म्हणून ती "ऐकू येत नाही" असं कधी म्हणालीच नव्हती. ती म्हणायची, "तुम्ही सगळे हल्ली पुटपुटता." आणि आम्ही ते मनावर घेतलं नव्हतं. अर्धवट ऐकू येणारं प्रत्येक वाक्य जुळवता जुळवता मेंदू थकतो. लक्षात ठेवायला उरत नाही काही. मग माणूस बोलणंच टाळतो, एकटा पडतो, आणि एकटेपण मेंदूला आणखी खातं. 2024 मध्ये 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीनं स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे किंवा सुधारता येण्याजोगे 14 धोके मांडले. त्यात बहिरेपण आहे, उपचार न केलेली दृष्टीची कमजोरी आहे, बैठेपणा, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपणा, अगदी दूषित हवाही आहे. हे सगळे धोके सांभाळले तर जगातले सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. चष्म्याला आपण लाजत नाही, कानाच्या यंत्राला का लाजतो हे मला कधीच कळलेलं नाही.

यंत्र लावल्यावरचे पहिले पंधरा दिवस वाईट गेले. कुकरची शिट्टी, भांड्यांचा खणखणाट, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, सगळं तिच्या डोक्यात घुसायचं. "काढ ते, कपाळ उठलंय माझं." दिवसाला एक तास, मग दोन, मग चार, असं वाढवलं. इथंही दोन उशांचाच न्याय. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा चाळायला शिकावे लागतात. महिना झाला असेल, एका गुरुवारी संध्याकाळी ती स्वतःहून टाळ घेऊन खाली गेली. तासाभरानं मी हळूच बघून आलो. ती मागच्या रांगेत बसली होती, आणि तिचा टाळ बरोबर समेवर पडत होता.

मला आता ठाम वाटतं की शरीराची आणि मनाची तब्येत असे दोन विषय नाहीतच. अमेरिकेत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 120 वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं चालवलं आणि बाकीच्यांना फक्त ताणाचे व्यायाम दिले. चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग 2 टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात तो घटला. कोपिनेश्वराला चालत जाताना आई देवापर्यंत जात होती, वाटेत चारजणांशी बोलत होती, भाजीचे भाव लक्षात ठेवत होती, सुट्टे मोजत होती. पाय, कान, जीभ, हिशेब, सगळं एकाच फेरीत.

म्हणूनच रस्त्यांचा मला राग येतो. पदपथावरचे उखडलेले पेव्हर ब्लॉक, मधेच उभी केलेली दुचाकी, गटाराचं अर्धवट झाकण. तरुण माणूस उडी मारून जातो. ऐंशीची बाई एकदा अडखळते, आणि पडण्याची भीती एकदा पायात शिरली की ती बाहेर जायचंच सोडते. तिला तलावापर्यंत न घाबरता चालत जाता येणं हे औषधाइतकंच गरजेचं आहे. तलावांचं शहर म्हणवून घेणाऱ्या ठाण्यानं एवढं तरी आपल्या म्हाताऱ्यांना द्यावं.

माझं म्हणाल तर मी सकाळी कचराळी तलावाला फेऱ्या मारतो, आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास, जरा धाप लागेल अशा वेगानं. जागतिक आरोग्य संघटनेचं 2020 पासूनचं सांगणंही साधारण तेवढंच आहे, आठवड्याला किमान 150 मिनिटं, शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोल सांभाळायचे. डंबेल्स घेतले आहेत. आणि रात्रीचं जेवण मी जमिनीवर, पाटावर बसून करतो. ब्राझीलचे एक डॉक्टर आहेत, क्लॉदियो आराउजो. त्यांनी जमिनीवर बसून उठण्याची एक परीक्षा काढली. बसण्याचे 5 गुण, उठण्याचे 5. हात टेकला, गुडघा टेकला की दर वेळी एक गुण वजा. तोल गेला तर अर्धा. 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांवर त्यांनी ती करून पाहिली आणि पुढची काही वर्षं लक्ष ठेवलं. ज्यांचे गुण कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. 2018 च्या गणपतीत मला उठण्याचे फार तर तीन मिळाले असते. आज मी हात न लावता उठतो. ज्यांचे गुडघे खरोखर झिजलेत त्यांनी मात्र हे एकट्यानं करू नये, शेजारी कुणीतरी आणि खुर्ची असावी.

मनासाठी मी मोडी लिपी शिकतोय. घरात संगमेश्वरकडच्या जमिनीचे पणजोबांच्या वेळचे कागद होते आणि ते वाचणारं कुणी उरलं नव्हतं. मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेषा ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरांत अक्षरं गुंफत जातात. दोन शब्दांत जागा नसते, शब्द कुठे संपला ते आपणच ताडायचं. पहिले सहा महिने मला ते मुंग्यांची रांग वाटायचं. रविवारी मराठी ग्रंथसंग्रहालयात जातो. 1893 पासूनची ती संस्था आहे. तिथं टेबलावर वही उघडून बसलो की दोन तास कुठे जातात कळत नाही. फोनवरचे मेंदूचे खेळ मी करून पाहिले. खेळ यायला लागतो, बाकी काही नाही. मोडीत मात्र डोळा, हात, तर्क, जुने शब्द, जुनी मापं सगळं एकदम कामाला लागतं. आणि चुकायला होतं. 57 व्या वर्षी पुन्हा विद्यार्थ्यासारखं चुकताना बरं वाटतं. गेल्या वर्षी पहिल्यांदा एक पूर्ण ओळ लागली: चार आंबे, दोन फणस, विहिरीतला निम्मा हिस्सा. मी ती आईला वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली आणि मग त्या विहिरीची गोष्ट सांगितली, जी मी याआधी कधी ऐकली नव्हती.

आईच्या हातातून कामं काढून घेणं आम्ही थांबवलं आहे. हे वाटतं तितकं सोपं नाही. ती वाकून काही उचलायला लागली की माझा हात आपोआप पुढे जातो, तो मागे घ्यावा लागतो. विळी पुन्हा बाहेर आली आहे. नारळ तीच खोवते, उठताना एक हात जमिनीला लावते. सोसायटीच्या फुलझाडांना संध्याकाळी पाणी घालायचं काम तिनं मागून घेतलं आहे. तिच्या खोलीत बाबांचा फोटो आहे, खाकी गणवेशातला. कधीकधी त्याच्यासमोर उभा राहिलो की वाटतं, ती आरामखुर्ची मी थोडी उशिरा आणायला हवी होती. निदान दूध तरी त्यांनाच आणू द्यायला हवं होतं.

15 सप्टेंबर 2023 ला बेस्टची जुनी डिझेलवरची डबल डेकर शेवटची धावली, 1937 मध्ये मुंबईत सुरू झालेली. त्या रात्री आईनं बातम्या पाहिल्या, आवाज न वाढवता. "त्यांना वरचा मजला आवडायचा," एवढंच म्हणाली.

गेल्या श्रावणात सोमवारी आम्ही दोघं कोपिनेश्वराहून परत आलो. वाटेत जांभळी नाक्यावर तिनं मेथी घेतली होती, एक जुडी, आणि केळी. लिफ्टमध्ये ती माझ्या आधी शिरली आणि बटण दाबलं. गेली दोन वर्षं ती आठवा दाबते, शेवटचा मजला जिन्यानं. त्या दिवशी सातवा लागला होता.

"सातवा?" मी विचारलं.

"श्रावण आहे," ती म्हणाली.

सातव्यावर दार उघडलं. मी सवयीनं पिशवीला हात घातला. तिनं ती दुसऱ्या हातात घेतली, मोकळ्या हातानं कठडा धरला आणि चढायला लागली. वळणावर खिडकी आहे, या इमारतीतल्या खिडकीला काच आहे. तिथं ती क्षणभर थांबली, पदरानं घाम पुसला, आणि पुढे.